वरून पाहिलेला धूर

भूस्थिर उपग्रहाच्या चित्रांत वणव्याचा धूर सर्वांत चांगला दिसतो तो सूर्य उगवल्यानंतरच्या आणि मावळण्याआधीच्या एक-दोन तासांत. ही गोष्ट मला कोणी शिकवली नव्हती. ती बराच काळ चुकत राहिल्यावर कळली. भर दुपारी तोच धूर, त्याच जागी, तेवढाच दाट असूनही चित्रातून जवळजवळ पुसला जातो. तो वाऱ्याने विरला असेल, असे मला सुरुवातीला वाटायचे, आणि संध्याकाळी तो पुन्हा दिसू लागला की कुठेतरी नवी आग लागली, असा माझा समज व्हायचा. प्रत्यक्षात धूर दिवसभर तिथेच असायचा आणि बदलायचा तो फक्त सूर्य, धूर आणि उपग्रह यांच्यातला कोन.

धुराचे बहुतेक कण एक मायक्रॉनपेक्षाही लहान, म्हणजे दृश्य प्रकाशाच्या तरंगलांबीच्या आसपासच्या मापाचे असतात. असे कण आपल्यावर पडलेला प्रकाश सगळीकडे सारखा विखुरत नाहीत; ज्या दिशेने तो आला, त्याच दिशेने त्याचा मोठा भाग पुढे जातो. सूर्य क्षितिजालगत असला की हा पुढे गेलेला प्रकाश तिरपा होऊन अवकाशात निसटतो आणि उपग्रहाच्या डोळ्यात शिरतो. सूर्य डोक्यावर आला की तोच प्रकाश खाली जमिनीकडे जातो. सकाळच्या कवडशात तरंगणारी धूळ दुपारी खोलीतून कुठे जाते, हा लहानपणी पडलेला प्रश्न आणि हा प्रश्न मुळात एकच आहेत, हे उमगले तेव्हा मला फार आनंद झाला होता.

हवामानशास्त्राशी व्यवसायाने माझा काही संबंध नाही. अमेरिकेचे गोज मालिकेतले आणि जपानचे हिमावारी हे उपग्रह विषुववृत्तावर सुमारे ३५,८०० किलोमीटर उंचीवर, पृथ्वीच्या फिरण्याशी मेळ राखून, एकाच जागी टांगल्यासारखे असतात आणि दर दहा मिनिटांनी त्यांच्यासमोरच्या पृथ्वीचे संपूर्ण चित्र पाठवतात. ही चित्रे कोणालाही पाहता येतात, एवढ्या एका कारणावरून मला हा नाद लागला. एकट्या चित्रात धूर ओळखणे कठीणच असते, कारण धुरासारखे दिसणारे पुष्कळ काही आकाशात असते: विरळ उंच ढग, समुद्रावरचे धुके, वाळवंटातून उठलेली धूळ. पण तीन-चार तासांची चित्रे एकामागून एक चालवली की फरक दिसू लागतो. ढग वाटेत जन्मतो, फुगतो आणि वाटेतच संपतो. धूर मात्र एका ठरावीक बिंदूतून सतत निघत राहतो आणि पुढे पुढे रुंद होत जातो. पाटीवरची खडूची रेघ ओल्या फडक्याने ओढत नेल्यावर जसा पांढरट फराटा उमटतो, तसा. मी धूर ओळखते तो त्याच्या रंगापेक्षा त्याच्या चालीवरून.

तरीही फसगत होते. एका संध्याकाळी समुद्रावर सरकणारा एक सुरेख तपकिरी पट्टा मी दोन तास पाठलाग करून पाहिला, त्याच्या टोकाशी कोणती किनारपट्टी येते याचा हिशेब मांडला, आणि मग सहज अवरक्त (इन्फ्रारेड) वाहिनीवर, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या लहरींत टिपलेल्या चित्रांकडे गेले. पट्टा तिथेही तसाच, उलट अधिकच ठसठशीत. म्हणजे तो धूर नव्हता. मावळत्या उन्हाने रंगलेला उंचावरचा बर्फकणांचा ढग होता. १० ते ११ मायक्रॉनच्या अवरक्त लहरींना धुराचे बारीक कण जवळजवळ अडवतच नाहीत, त्यामुळे त्या वाहिनीवर धूर काचेसारखा पारदर्शक होतो आणि खालची जमीन दिसू लागते. ढग मात्र अडवतो. तेव्हापासून मी एक साधा नियम पाळते: जे दृश्य प्रकाशात आहे आणि अवरक्तात नाही, त्यालाच धूर म्हणायचे. वाळवंटी धुळीलाही ही कसोटी उपयोगी पडते, कारण तिचे कण भरड असल्याने ती अवरक्तात आपली खूण ठेवते. ३.९ मायक्रॉनची वाहिनी आणखी वेगळी. तिच्यात धूर दिसत नाही, त्याच्या मुळाशी पेटलेली आग दिसते, आणि ती इतकी झळाळते की चित्रातल्या एका चौकटीच्या (पिक्सेलच्या) छोट्याशा भागात ज्वाळा असल्या तरी अख्खी चौकट उठून दिसते.

या शेवटच्या गुणामुळे एक घोटाळाही होतो. आगीच्या नकाशावरचा प्रत्येक ठिपका म्हणजे उपग्रहाच्या एका चौकटीचा मध्यबिंदू. व्हीआयआयआरएस या उपकरणाची ती चौकट ३७५ मीटरची असते, जुन्या मोडिसची एक किलोमीटरची. त्या चौकटीत कुठेतरी काहीतरी तापले आहे, एवढेच ठिपका सांगतो. नकाशा लहान केला तरी ठिपक्याचा आकार तेवढाच राहतो, आणि मग एखादे अख्खे खंड पेटल्यासारखे दिसते. जानेवारी २०२० मध्ये ऑस्ट्रेलियाचे असे एक चित्र जगभर फिरले. महिनाभराच्या नोंदी एकत्र करून संगणकावर रंगवलेले ते कल्पनाचित्र होते. हजारो लोकांनी ते अवकाशातून काढलेले छायाचित्र समजून पुढे पाठवले. मला ते आले तेव्हा मीही क्षणभर थबकले होते, हे कबूल करायला हवे.

एका जागी थांबून पाहणाऱ्या उपग्रहांखेरीज दुसरा प्रकार असतो ध्रुवांवरून फिरणाऱ्यांचा. १९९९ मध्ये सोडलेला टेरा, २००२ मधला अ‍ॅक्वा आणि २०११ मधला सुओमी एनपीपी हे त्यातले. हे जमिनीपासून सात-आठशे किलोमीटरवरून जातात, म्हणून त्यांची नजर बारीक. पण ते येतात, पाहतात आणि निघून जातात. सुओमी एनपीपी आणि त्याची भावंडे एखाद्या ठिकाणावरून स्थानिक वेळेनुसार दुपारी दीडच्या आसपास आणि रात्री पुन्हा तेवढ्याच वाजता जातात. या नेमस्तपणाचा एक चमत्कारिक परिणाम पंजाब आणि हरियाणातल्या भाताच्या धसकटांच्या बाबतीत दिसला. ध्रुवीय उपग्रहांच्या नोंदीत आगी कमी कमी होत चालल्या होत्या, पण हवेतले धुरके त्या प्रमाणात कमी होत नव्हते. दर दहा मिनिटांनी पाहणाऱ्या दक्षिण कोरियाच्या भूस्थिर उपग्रहाच्या नोंदी तपासल्या तेव्हा दिसले की आगी लावण्याची वेळच पुढे, संध्याकाळकडे सरकली होती. दीड वाजता जो पाहून जातो, त्याच्या वहीत पाच वाजताची आग येणार कशी? मोजण्याची वेळ आणि घडण्याची वेळ यांची चुकामूक ही धुराच्या अभ्यासातली सर्वांत जुनी तक्रार असावी.

पण मला खरोखर अस्वस्थ केले ते वेळेने नाही, उंचीने.

जून २०२३ च्या पहिल्या आठवड्यात कॅनडाच्या क्यूबेक प्रांतात विजा पडून एकाच वेळी अनेक वणवे लागले. अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्याजवळ कमी दाबाचे एक क्षेत्र मुक्काम ठोकून बसले होते, आणि त्याच्याभोवती घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरणारे वारे क्यूबेकचा धूर थेट दक्षिणेला ओढत होते. मी चित्रमालिका चालवत होते. एखादा पडदा ओढावा तशी त्या धुराची कड नद्या, सरोवरे, शहरे झाकत खाली येत होती. माझी आत्तेबहीण न्यूयॉर्कमध्ये असते. तिला मी ६ तारखेला फोन केला आणि म्हणाले, "ताई, खिडक्या लावून घे, तुझ्याकडे धूर येतोय." ती हसून म्हणाली, "अगं, आकाश जरा मळकट आहे एवढंच. तुझा उपग्रह भलताच घाबरट दिसतो." दुसऱ्या दिवशी तिचाच फोन आला. दुपार होती, तरी घरात दिवे लावावे लागले होते. आवाजात हसू नव्हते. "बाहेर सगळं नारिंगी झालंय. लाकूड जळल्याचा वास येतोय, खिडकी बंद असूनही." त्या दिवशी न्यूयॉर्कचा हवा गुणवत्ता निर्देशांक ४०० च्या पुढे गेला.

मला त्या फोनने एक प्रकारचा फाजील आत्मविश्वास दिला. जून संपता संपता त्याच वणव्यांचा धूर अटलांटिक ओलांडून पोर्तुगाल आणि स्पेनवर पोहोचला. चित्रांत तो पट्टा तसाच घनदाट, तसाच भयंकर. त्या भागात राहणाऱ्या एका ओळखीच्या कुटुंबाला मी लगेच सावधगिरीचा निरोप धाडला. उत्तर आले: आकाश किंचित दुधाळ, सूर्यास्त फार सुंदर, वास अजिबात नाही. जमिनीवरच्या यंत्रांतही विशेष काही नोंदले गेले नाही. धूर त्यांच्या डोक्यावरून कित्येक किलोमीटर उंचावरून निघून गेला होता. वरून पाहणाऱ्या मला दोन्ही वेळा सारखेच दिसले होते. एका ठिकाणी लोकांचे डोळे चुरचुरत होते आणि दुसऱ्या ठिकाणी लोक सूर्यास्ताचे फोटो काढत होते.

उपग्रह धुराचा एक उभा खांब पाहतो, वरच्या टोकापासून जमिनीपर्यंतचा, आणि त्या खांबाने एकूण किती प्रकाश अडवला हे मोजतो. त्या मापाला ऑप्टिकल डेप्थ म्हणतात. ती १ असेल तर सरळ खाली येणाऱ्या सूर्यप्रकाशापैकी सुमारे ३७ टक्केच थेट जमिनीपर्यंत पोहोचतो. पण हा धूर खांबाच्या तळाशी साठला आहे की माथ्यावर, याबद्दल तो आकडा गप्प असतो. श्वास मात्र आपण त्या खांबाच्या तळाच्या दोन मीटरांतच घेतो. सप्टेंबर २०२० मध्ये, ९ तारखेला, सॅन फ्रान्सिस्कोत सकाळ उजाडलीच नाही. गडद नारिंगी अंधारात मोटारींचे दिवे लावून लोक फिरत होते. त्या दिवशीचा धूर समुद्रावरून आलेल्या थंड हवेच्या थरावर बसून राहिला होता आणि खाली शहरातली हवा पुढच्या काही दिवसांच्या मानाने बरीच बरी होती. आकाश नंतर उजळले, ते धूर खाली उतरल्यावर, आणि खरा त्रास तेव्हा सुरू झाला. जे डोळ्यांना भीषण, ते फुप्फुसांना सौम्य, आणि जे डोळ्यांना सुसह्य, ते फुप्फुसांना घातक, असा हा उलटा मामला.

उंची शोधण्याचे मार्ग आहेत, पण प्रत्येकाला काही ना काही उणे आहे. टेरा उपग्रहावरच्या मिसर उपकरणाला नऊ कॅमेरे आहेत. पुढे, खाली आणि मागे अशा नऊ कोनांतून ते एकच जागा सात मिनिटांत पाहतात आणि आपल्या दोन डोळ्यांना जशी खोली कळते, तशी त्यातून धुराच्या लोटाची उंची काढता येते. कॅलिप्सो हा उपग्रह २००६ पासून २०२३ पर्यंत लेसरचे झोत खाली सोडून परत येणाऱ्या प्रकाशावरून थर मोजत असे. त्याचे छेदचित्र पाहताना जमीन, तिच्यावर धूर, त्यावर स्वच्छ हवा, मग पुन्हा धूर असे सगळे दिसते आणि हरखून जायला होते. पण तो छेद म्हणजे पृथ्वीवरून गेलेली एक अगदी चिंचोळी रेघ. धूर त्या रेघेच्या शंभर किलोमीटर बाजूला असेल, तर तो तिच्या लेखी नसतोच. मे २०२४ मध्ये गेलेला अर्थकेअर आता लेसरचे तेच काम करतो.

अतिनील किरणांवरून काढलेला एरोसॉलचा, म्हणजे हवेत तरंगणाऱ्या बारीक कणांचा, निर्देशांक हा माझा विशेष आवडता. त्याचा जन्म थोडा आडवाटेने झाला. १९७८ च्या निंबस-७ उपग्रहावरचे टॉम्स उपकरण ओझोन मोजण्यासाठी होते. त्याच मोजमापांत धूर आणि धूळ यांचीही खूण आहे, हे पुष्कळ नंतर लक्षात आले. धूर अतिनील प्रकाश शोषतो, त्यामुळे ढगांवर किंवा बर्फावर, जिथे पांढऱ्यावर पांढरे काहीच कळत नाही, तिथेही तो या निर्देशांकात काळोखासारखा उमटतो. मात्र जमिनीला चिकटलेल्या धुराबाबत हा निर्देशांक मंद असतो. धूर जितका वर, तितका त्याला अधिक दिसतो. म्हणजे जो धूर आपल्या नाकात जातो, तोच त्याच्या नजरेतून निसटण्याची शक्यता जास्त. मला वाटते, बातम्यांत झळकणाऱ्या लालबुंद नकाशांखाली हे एक वाक्य सक्तीने छापले पाहिजे.

धूर इतका वर जातो कसा, याचे उत्तर आगीतच असते. वणवा पुरेसा प्रखर असला की त्याच्या उष्णतेने हवेचा प्रचंड स्तंभ उठतो, त्यात बाष्पाचे थेंब बनतात आणि आगीच्या डोक्यावर स्वतःचा वादळी ढग तयार होतो. त्याला पायरोक्युम्युलोनिम्बस म्हणतात. हा ढग कडाडतो, विजा पाडतो, त्या विजांनी नव्या आगी लावतो आणि चिमणीसारखा धूर थेट स्थितांबरात नेऊन सोडतो, जिथे त्याला धुऊन काढायला पाऊस नसतो. २०१९ च्या अखेरीस आणि २०२० च्या सुरुवातीला आग्नेय ऑस्ट्रेलियात असे ढग एकामागून एक उठले. त्यांचा धूर न्यूझीलंडवरून गेला, तिथल्या हिमनद्या तपकिरी झाल्या, आणि काही दिवसांत तो पॅसिफिक ओलांडून चिली आणि अर्जेंटिनावर दिसू लागला. त्यातला एक भाग सुमारे १,००० किलोमीटर रुंदीचा भोवरा बनून आठवडेच्या आठवडे फिरत राहिला आणि चढत चढत सुमारे ३५ किलोमीटर उंचीवर पोहोचला. त्याला वर ढकलणारी आग तेव्हा कधीच मागे पडली होती. धुरातली काजळी ऊन शोषत होती, त्या उन्हाने भोवतालची हवा तापत होती, आणि तापलेली हवा त्याला आणखी वर नेत होती.

याच्या नेमके उलट टोक म्हणजे इंडोनेशियातल्या पीटच्या आगी. दलदलीत शतकानुशतके साठलेला अर्धवट कुजलेला वनस्पतींचा थर कोरडा पडला की तो जमिनीखाली धुमसतो. ज्वाळा फारशा नसतात, तापमान बेताचे, म्हणून आगीच्या नकाशावर ठिपका उमटेलच असे नाही. पण धूर मात्र अमाप, आणि तो रांगत, जमिनीलगत शेजारच्या देशांत जातो. १९९७ आणि २०१५ मध्ये त्याने सिंगापूर आणि मलेशियाचा श्वास कोंडला होता. सीमेपलीकडे जाणाऱ्या या धुरक्यासाठी आसियान देशांनी २००२ मध्ये करार केला. त्याला खुद्द इंडोनेशियाने मान्यता दिली ती २०१४ मध्ये. बारा वर्षे! धूर तेवढे अंतर दोन दिवसांत कापतो.

यंत्रांचा आणखी एक दोष सांगायलाच हवा, कारण त्याचे मला अजूनही हसू येते. धुराची दाटी मोजणारी संगणकीय पद्धत आधी ढग वगळते, कारण ढगांतून धूर मोजता येत नाही. पण धूर फार दाट झाला की तो पद्धतीला ढगासारखाच वाटतो, आणि ती त्यालाही वगळून टाकते. परिणामी नकाशावर कडांना पिवळा, मग नारिंगी, मग लाल रंग चढत जातो आणि ऐन मध्यभागी, जिथे परिस्थिती सर्वांत वाईट, तिथे कोरी जागा उरते. अशा कोऱ्या जागांसाठी अजूनही माणूस लागतो. अमेरिकेच्या नोआ संस्थेत विश्लेषक बसून उपग्रहांच्या चित्रमालिका डोळ्यांनी पाहतात आणि धुराच्या सीमा हाताने आखतात: विरळ, मध्यम, दाट. एवढ्या सगळ्या यांत्रिक पसाऱ्यात कोणीतरी सकाळच्या तिरप्या उन्हाची वाट पाहत, हातात माऊस धरून धुराची कड आखत बसले आहे, हे चित्र मला मनापासून आवडते.

वरून पाहण्याची सोय नव्हती तेव्हाचे लोक काय करत असतील? १९ मे १७८० रोजी अमेरिकेच्या न्यू इंग्लंड भागात भर दुपारी मेणबत्त्या लावाव्या लागल्या. पुष्कळांना जगाचा शेवट आल्यासारखे वाटले. तो धूर होता आणि कॅनडातल्या ओंटारिओकडच्या जंगलांतून आला होता, याचा पुरावा दोनशेहून अधिक वर्षांनी झाडांच्या वर्षवलयांतल्या भाजल्याच्या खुणांवरून मिळाला. सप्टेंबर १९५० मध्ये पश्चिम कॅनडातल्या चिंचागा वणव्याचा धूर युरोपवर गेला आणि स्कॉटलंडमध्ये लोकांनी निळा सूर्य आणि निळा चंद्र पाहिला. धुराचे कण जवळजवळ एकसारख्या, एक मायक्रॉनच्या आसपासच्या मापाचे झाले होते, त्यांनी तांबडा प्रकाश अधिक विखुरला आणि निळा पुढे जाऊ दिला. त्या लोकांनी धूर खालून पाहिला आणि तो कुठून आला हे त्यांना दिसले नाही. मी तो वरून पाहते, कुठून आला हे मला मिनिटामिनिटाला दिसते, आणि तो कुठे टेकला आहे हे मात्र दिसत नाही.

म्हणून हल्ली मी आणखी एक खटपट करते. नोआचेच हायस्प्लिट नावाचे प्रारूप आहे. नकाशावर एक बिंदू आणि उंची दिली की तिथली हवा पुढच्या दिवसांत कुठे जाईल, याची रेघ ते काढून देते. मी वणव्याच्या जागी तीन उंची देते: ५०० मीटर, १,५०० मीटर आणि ३,००० मीटर. अनुक्रमे लाल, निळी आणि हिरवी अशा तीन रेघा एकाच बिंदूतून निघतात आणि पुष्कळदा काही तासांतच एकमेकींची साथ सोडतात, कारण वेगवेगळ्या उंचीवर वारा वेगवेगळ्या दिशांना वाहतो. एकाच आगीचा धूर एका शहरात श्वासाला लागतो, दुसऱ्या शहराच्या डोक्यावरून जातो आणि तिसऱ्या दिशेला समुद्रावर विरतो. चित्रातला धुराचा पट्टा या तिघींपैकी कोणत्या रेघेवर बसतो हे ताडून पाहिले, की त्याच्या उंचीचा थोडाफार अंदाज येतो.

नंतरच्या एका उन्हाळ्यात कॅनडाचा धूर पुन्हा दक्षिणेला उतरला. न्यूयॉर्कच्या ताईकडे सकाळ, माझ्याकडे संध्याकाळ होती. तिने स्वतःहून फोन केला आणि विचारले, "तुझ्या चित्रात काय दिसतंय? खिडक्या लावू का?" चित्रात तिच्या शहरावर धुराचा जाड, राखाडी पट्टा स्पष्ट होता. मी म्हणाले, "आधी तू एक खिडकी उघड आणि वास येतो का सांग." थोडा वेळ शांतता होती, मग खिडकीचा आवाज, मग रस्त्यावरच्या गाड्यांचा. "वास नाही," ती म्हणाली. "पण सूर्य तांबडालाल आहे, आणि त्याच्याकडे सरळ बघता येतंय." मी तीन रेघांच्या नकाशाकडे पाहिले. तिच्या शहरावरून फक्त हिरवी रेघ जात होती.